पावत्या तीन, हिशोब एक

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा, तुम्ही म्हणालात की आपली एकही पावती पाच लाखांच्या वर नाही, त्यामुळे बँक बुडाली तरी घोर नाही. तेव्हा मामा शेजारी बसले होते, म्हणून मी गप्प राहिले. पण तो हिशोब बरोबर नाही, आणि रक्कम तुमच्या निवृत्तीची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बँक बुडाली तर ठेवीदाराला पैसे देणारा जो ठेव विमा असतो, तो पावतीला नसतो आणि शाखेलाही नसतो. एका बँकेत एका माणसाच्या नावावर बचत खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव असं जे काही असेल, त्या सगळ्याची बेरीज होते, मग शाखा कितीही असोत. त्या बेरजेवर जास्तीत जास्त ५ लाख मिळतात. तुम्ही तीन शाखांत चार-चार लाख ठेवलेत, म्हणजे १२ लाख झाले आणि विमा ५ लाखांचाच. वारस नोंदवला म्हणूनही मर्यादा वाढत नाही.

उरलेले ७ लाख बुडालेच असंही नाही, हं. बँकेची कर्जं वसूल होतील, मालमत्ता विकली जाईल, तसं अवसायक, म्हणजे बुडालेल्या बँकेचा कारभार गुंडाळायला नेमलेला अधिकारी, वाटप करतो. पण त्यातून आधी हा विमा देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या महामंडळाचे पैसे फिटतात. आपला नंबर लागेपर्यंत वर्षं जातात आणि किती हाती येईल हे कोणी सांगू शकत नाही.

शिवाय ५ लाखांत व्याजही धरतात. ७ टक्क्यांनी ठेवलेले ४ लाख तीन वर्षांत ४ लाख ९० हजारांच्या पुढे जातात, म्हणून पावती काठोकाठ करू नका. आणि त्याच बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर ते आधी वळतं करून घेतात.

आता उपाय. तेच १२ लाख एक पावती बाबांच्या नावावर, एक आईच्या आणि एक दोघांच्या अशा ठेवल्या, तर त्या तीन वेगळ्या धरल्या जातात आणि प्रत्येकीला स्वतंत्र ५ लाखांचं कवच मिळतं. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तरी ते वेगळं खातं मानतात, हे वाचून मलाही नवल वाटलं. फक्त बाबांचे पैसे आईच्या नावावर टाकले, तर व्याज करासाठी बाबांच्याच उत्पन्नात धरतात, म्हणजे कर काही वाचत नाही. त्यापेक्षा सरळ दुसरी बँक बरी. पण घाईने पावत्या मोडू नका, दंड बसेल. मुदत संपेल तसतशी एकेक हलवू.

मामांचं म्हणणं की सहकारी बँकांना विमाच नसतो. तसं नाही. राष्ट्रीयीकृत, खासगी, नागरी सहकारी, सगळ्यांना एकच मर्यादा आहे. हप्ता बँक भरते, आपण नाही. ही व्यवस्था १९६२ पासून आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर सरकारला जाग आली. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये! १९९३ पासून १ लाख आणि फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख.

पण पतसंस्थेला मात्र हे कवच नाही. आई, तुझी तिथली ठेव दीड टक्का जास्त देते म्हणून तू खूश असतेस, त्यामुळे हे तुला आवडणार नाही. ती संस्था चांगली असेलही, पण उद्या अडचणीत आली तर रिझर्व्ह बँकेच्या त्या महामंडळाकडून एक रुपयाही येणार नाही. पाटी, गणवेशातला शिपाई आणि पासबुक बघून ती बँक वाटते, बँक नसते. माझं स्पष्ट मत आहे की तिथे गेले तरी चालतील एवढेच पैसे ठेव. पोस्टातल्या पैशांची हमी थेट केंद्र सरकारची आहे, ते हलवू नकोस. आणि लॉकरमधलं सोनं म्हणजे ठेव नव्हे, त्यामुळे त्याला हा विमा लागू नाही. पण बँक बुडाली तरी ते तुझंच राहतं.

विम्याचे पैसे मिळायला वीस वर्षं लागतात असं लोक म्हणतात, तेही आता जुनं झालं. पूर्वी बँकेचा परवाना रद्द होईपर्यंत विमा मिळत नसे. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि परवाना गेला २०२२ साली, म्हणजे जुन्या नियमाने मधली सगळी वर्षं लोक खोळंबले असते. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता पैसे काढण्यावर निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची असते. त्यासाठी खातेदाराने संमती द्यावी लागते आणि दुसऱ्या बँकेतल्या आपल्या खात्याचा तपशीलही. म्हणूनच सगळं एकाच बँकेत नको, आणि केवायसी अर्धवट नको. आईचा जुना पत्ता अजून तसाच आहे ना?

बाबा, तिन्ही पावत्यांचे आणि पतसंस्थेच्या पासबुकाचे फोटो काढून पाठवा, मुदतीच्या तारखा नीट दिसतील असे. पहिली कुठली संपते ते बघून मी कळवते.

तुमची,
मनू