तात्या, तो कागद हरवलाच नव्हता

ती. तात्यांना,
सा. न. वि. वि.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं तात्या. सगळी नोकरी अभिलेख कक्षात काढलेला माणूस निवृत्तीनंतरही आणीबाणीतल्या स्थानबद्धांचे कागद लावून देतो, तेही फुकट, याचे आभार घरात बसून मानले तर कमी पडतील. शिवाय सांगली-साताऱ्याकडच्या पुष्कळ घरांत हे कागद अजून पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही हाती पडावं, म्हणून हे पत्र उघड.

सगळ्यात मोठा उपकार त्या एका त्रुटीचा. आणीबाणीत तुरुंगात राहिलेल्यांना शासन मानधन देतं, त्याचा अर्ज परत येतो आणि त्यावर शेरा असतो: ‘स्थानबद्धतेची कारणे दर्शविणारा कागद जोडावा.’ घरचे ट्रंक पालथी घालतात, मग आपल्याच आजीला दोष देतात, की तिने रद्दीत घातला असणार. तुम्ही म्हणालात, तो कागद हरवला नाही, तो निघालाच नव्हता. २९ जून १९७५ च्या अध्यादेशाने मिसा कायद्यात, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या नावाखाली खटल्याविना डांबण्याच्या कायद्यात, कलम १६-अ घुसवलं. आणीबाणी हाताळण्यासाठी या माणसाला आत ठेवणं गरजेचं आहे, अशी घोषणा अधिकाऱ्याने केली की कारणं कळवण्याची जबाबदारीच संपली. पुढे तर ही कारणं गोपनीय ठरवून टाकली. म्हणजे कागद मागणारा आज जे मागतो ते देण्याची तेव्हा कायद्यालाच गरज नव्हती. तेव्हापासून त्रुटीच्या उत्तरात आम्ही तुमच्या दोन ओळी लिहितो: ‘सदर स्थानबद्धता मिसा कलम ३ सह १६-अ अन्वये असल्याने कारणे कळविण्यात आलेली नव्हती. आदेश व घोषणेची प्रत सोबत जोडली आहे.’ त्याखाली सही, तारीख. जास्त काही लिहायचं नाही, जास्त लिहिलं की नवीन त्रुटी निघते.

म्हणून शोधायचे कागद दोन. स्थानबद्धतेचा आदेश, आणि त्याच्या पाठीमागे टाचलेली ती घोषणा. टाचणी गंजून सुटलेली असते आणि घोषणेचं पान भलत्याच माणसाच्या फायलीत जातं. तुम्ही गंजाचा डाग जुळवून पान कुणाचं ते ओळखता, हे बघायला मिळणं हीच एक शिकवणी. दोन्ही कागद बहुधा सायक्लोस्टाइलचे, नाव-गाव-वय तेवढं हाताने भरलेलं. त्यामुळे नावाचे घोळ: वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, इंग्रजी स्पेलिंग दोन्ही कागदांवर दोन तऱ्हेचं. त्याला ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि ते पहिल्याच अर्जाला जोडायचं.

मग तारखा. अधिकाऱ्याने केलेली घोषणा राज्य शासनाने पंधरा दिवसांत कायम करायची, आणि नंतर जास्तीत जास्त चार-चार महिन्यांनी फेरविचार करायचा. या फेरविचाराच्या पत्रांकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण तुरुंगाचा दाखला मिळत नसेल तर माणूस त्या तारखेला आतच होता याचा पुरावा हाच. वीस महिने आत काढलेल्या माणसाची अशी चार-पाच पत्रं निघायलाच हवीत. दोनच निघाली तर उरलेली दुसऱ्या तुरुंगाच्या फायलीत आहेत असं समजायचं. बदली येरवड्याला झाली की नाशिक रोडला, हे तिथेच कळतं. सुटकेची तारीख तपासताना मात्र जपायचं. पॅरोलवर बाहेर आलेला दिवसच कुणीतरी ‘सुटका’ म्हणून लिहून ठेवतो आणि पुढचे सहा महिने गायब होतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाला काय ठाऊक, की २०१८ मध्ये शासन एक महिन्याहून कमी आणि जास्त अशी रेघ ओढून ५ हजार आणि १० हजार रुपये देणार आहे! २०२० ला ते बंद झालं, २०२२ ला पुन्हा सुरू झालं, २०२५ ला दुप्पट झालं. रेघ मात्र तीच आहे.

सगळेच स्वतःला ‘मिसाबंदी’ म्हणवतात, पण तुम्ही पहिला प्रश्न विचारता, मिसा की डीआयआर, म्हणजे भारत संरक्षण नियम? देशभरात मिसाखाली सुमारे ३५ हजार लोक होते आणि डीआयआरखाली ७५ हजारांच्या वर. १४ नोव्हेंबर १९७५ पासून लोकसंघर्ष समितीच्या सत्याग्रहात बसलेले पुष्कळसे दुसऱ्या खात्यातले. त्यांच्यावर खटला होता, म्हणजे कागद न्यायालयात. मिसावाल्यांचा खटलाच नाही, त्यामुळे न्यायालयात हेलपाटे घालून चपला झिजतील तेवढ्याच. अपवाद एकच: २८ एप्रिल १९७६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या जबलपूर निकालाआधी कुणी हेबियस कॉर्पस अर्ज, म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा असा अर्ज, केला असेल, तर त्या फायलीत आदेशाची प्रत सापडू शकते. त्या दिवशी चार विरुद्ध एक मतांनी अशा अर्जांचं दार बंद झालं, न्या. खन्ना तेवढे एकटे विरोधात.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा हेही तुमच्याकडूनच. दीडशे शब्द, विषय एकच, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘का’ विचारायचं नाही, कागद मागायचा. ‘मिळून येत नाही’ असं उत्तर आलं की रागवायचं नाही. दुसरा अर्ज टाकून त्या फायलीचं वर्गीकरण आणि नाश केल्याची नोंद मागायची. ‘अ’ असेल तर ती कायम ठेवायची असते, ‘ब’ असेल तर तीस वर्षं. नाश केला असेल तर यादी हवी, यादी नसेल तर फाईल कुठेतरी आहे. गोपनीय म्हणून नाकारलं तर कलम ८(३) दाखवायचं, वीस वर्षांहून जुन्या माहितीला बहुतेक सबबी लागू होत नाहीत.

जाता जाता, बेचाळीसच्या चळवळीचे कागद शोधणाऱ्यांनाही तुम्ही सांगलीतून परत पाठवता ते बरोबरच. तासगाव, वाळवा, खानापूर १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात. दफ्तर तिकडे बघा.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजलेले गठ्ठे वाळवायची तुमची पद्धत आम्ही आता डोळे झाकून करतो. उन्हात नाही, सावलीत, पंखा लांबून. ओली पानं ओढून सुटी करायची नाहीत. दर आठ-दहा पानांमागे कोरा कागद, आणि तो दोन-दोन तासांनी बदलायचा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. तुरुंगातून आलेल्या पत्रांवरची जांभळी पेन्सिल पाण्याने पसरते, म्हणून त्यांचे फोटो आधी, वाळवणं मागाहून.

तासगावकडून आलेला गठ्ठा वाळला आहे. त्यातल्या दोन आंतर्देशीय पत्रांवरच्या तुरुंगाच्या शिक्क्याची तारीख लागत नाही, ७ आहे की १ ते आमच्यात भांडण आहे. गुरुवारी भिंग घेऊन या.

आपले,
कागद लावणारी मंडळी, सांगली