माझ्या दोन ओळींखाली रेघ मारणाऱ्या मॅडमना

मॅडम,

नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. पण सोलापुरात रविवारी सकाळी मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या वर्गाला जे बसले, त्यांना मी कुणाबद्दल बोलतेय ते पहिल्या चार ओळींतच कळेल.

गेल्या मंगळवारी एका कार्यालयात साहेबांनी माझा अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, "कुणाकडनं लिहून घेतला?"

"मीच लिहिलाय."

त्यांनी परत वाचला. "वकिलाकडं कामाला आहे का तुम्ही?"

मी नाही म्हणाले. शेजारी अम्मा उभी होती, तिला मराठी अर्धंच कळतं. साहेबांचा सूर ऐकून तिला वाटलं, याही वेळी काम झालं नाही. ती माझा पदर ओढून तेलुगूत म्हणाली, चल, घरी जाऊ. तेवढ्यात साहेबांनी शिक्का मारला.

त्या शिक्क्याच्या आवाजानंतर मला तुमची आठवण आली आणि तिथेच, लोकांच्या रांगेत, डोळ्यांतून पाणी आलं. आज आठवडा झाला, तरी हे लिहिताना पुन्हा तेच होतंय. म्हणून हे पत्र. खरं तर ते पाच-सहा वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

काम तसं साधंच होतं. अम्माने चाळीस वर्षं विड्या वळल्या. कारखान्यात तिचं कार्ड निघालं तेव्हा कुणीतरी तिच्या नावातलं शेवटचं 'अम्मा' काढून तिथे 'बाई' लावून टाकलं. मराठीत बरं दिसतं म्हणून असेल. आमच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांत असं कितीजणींचं झालंय! आधारवर एक नाव, फंडाच्या कागदावर दुसरं, आणि पेन्शन दोघींपैकी एकीलाही नाही. आम्ही तीन वेळा अर्ज दिले. तिन्ही वेळा गेटाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या लेखनिकाकडून, दोनशे-दोनशे रुपये देऊन. त्यातल्या एकाची प्रत माझ्याकडे आहे. 'सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही अत्यंत गरीब व निराधार असून आपल्या कृपादृष्टीची अभिलाषी आहे' असं सुरू होऊन पानभर चालतं. गरिबी आहे, म्हातारपण आहे, ईश्वर आपणांस उदंड आयुष्य देवो, हेही आहे. नाव चुकलंय, एवढंच कुठे नाही.

चौथा अर्ज मी लिहिला. नऊ ओळी. पहिल्या ओळीत काय हवंय ते. दुसरीत कुठल्या कागदावर काय नाव आहे. मग दोन्ही नावं एकाच बाईची आहेत याला पुरावा काय, आणि तो सोबत जोडलाय. तुम्ही म्हणायचात, आधी मागणं, मग कारण, मग पुरावा, आणि रडायचं असेल तर घरी. वर्ग हसायचा. मीही हसले होते. तेव्हा मला कुठे माहीत होतं की या एका वाक्यावर अम्माची पेन्शन उभी राहणार आहे.

पण आभार मानायचे आहेत ते अर्जाचे नाहीत. त्याच्या कितीतरी आधीच्या एका गोष्टीचे आहेत. तुम्हाला ती आठवतही नसेल.

मी आठवीतून शाळा सोडली. लोक विचारतात तेव्हा मी गरिबीमुळे म्हणून सांगते, आणि ते खोटं नाही. संध्याकाळी पानं ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी फर्मा ठेवून कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, नखाने तोंडं मुडपायची. हजार विड्या करायच्या तर घरात दोन हात पुरत नाहीत. पण मी सोडली ती शाळेतल्या एका बाईंमुळे. आमच्या घरात तेलुगू. तेलुगूत मराठीसारखं तो, ती, ते यांचं त्रांगडं नाही. पुस्तकाला 'ते' का, वहीला 'ती' का आणि फळ्याला 'तो' का, हे आजही मला कुणी पटवून दिलेलं नाही. वर्गात उठून मी म्हणाले, "माझा आई आजारी आहे." बाईंनी ते वाक्य माझ्याच सुरात पुन्हा म्हणून दाखवलं. मग वर्ष संपेपर्यंत मी वर्गात आले की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "तुझा आई कसा आहे?" त्या बाईंचं मी नाव घेणार नाही, शाळेचंही नाही. फक्त एवढंच सांगते की त्यानंतर पंधरा वर्षं मी मराठीत एक ओळ लिहिली नाही. सही तेवढी केली.

मग सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलात आम्हाला घर मिळालं. विडी कामगार बायकांसाठी बांधलेली ती 10,000 घरं 2006 साली ताब्यात मिळाली, हे सोलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गल्लीतली एक ताई मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. तिच्याकडून कळलं की दहावी-बारावी नसली तरी चालतं, तेव्हाचा नियम तसा होता. वय 18 पूर्ण हवं, लिहितावाचता यायला हवं, आणि आधी पूर्वतयारी करायची. नाशिकच्या त्या विद्यापीठाचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी' आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात म्हणाले, आमच्या गल्लीत साधं नळाचं पाणी चार दिवसांआड येतं, ही गंगा कधी यायची! पण आली.

त्या वर्गात कोण नव्हतं? टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट येणारा एकजण पहिल्या बाकावर बसून झोपायचा. एक रिक्षावाले काका, दोन होमगार्ड, एक नवरा-बायको एकच पुस्तक घेऊन बसणारे. विद्यापीठाच्या भाषेत तुम्ही संमंत्रक होता. आम्ही मॅडमच म्हणायचो. परीक्षेला लागेल तेवढं पुस्तकात होतं. तुम्ही तेवढ्यावर थांबला असतात तरी कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती. तिसऱ्या रविवारी तुम्ही म्हणालात, पूर्वतयारी पास व्हाल हो, पण पुढे बी.ए.च्या पहिल्याच पेपरात पानंच्या पानं लिहायची आहेत, त्याचं काय? आणि घरी काम दिलंत: चार पुतळ्यांबद्दल अर्धं पान लिहून आणा.

सोलापूरच्या माणसाला चार पुतळे म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी लिहिते. 1930 साली सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. हे आता मी न बघता लिहिलं. त्या वेळी मात्र मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी शेजारच्या मुलीच्या गाईडमधून उतरवून काढलं. 'स्वातंत्र्याच्या यज्ञकुंडात प्राणांची आहुती देणाऱ्या' वगैरे. आहुती शब्द तीनदा आला होता. अर्धं पान भरायला दोन ओळी कमी पडल्या, म्हणून शेवटी माझ्या मनाचं खरडलं: 'आमचा बस तिथे वळतो तेव्हा अम्मा हात जोडते. तिला चौघांची नावं माहीत नाहीत, पण ती कधी हात जोडायला विसरत नाही.'

पुढच्या रविवारी तुम्ही वह्या तपासल्यात. मी मागे बसले होते, पोटात गोळा. 'आमचा बस' लिहिलंय, ते लिहून झाल्यावर लक्षात आलं होतं आणि खोडायला रबर नव्हता. तुम्ही माझ्या बाकाजवळ आलात. लाल पेन तुमच्या पर्समध्येच राहिलं. तुमच्या हातात पेन्सिल होती, टोक झिजलेली. पानावरून ती खाली खाली आली, आहुत्या ओलांडल्या, आणि शेवटच्या दोन ओळींखाली तुम्ही हलकीशी रेघ मारलीत. समासात लिहिलंत, 'हे तुमचं.'

बाकीच्या पानाबद्दल एक शब्द नाही. नक्कल केली म्हणून बोललाही नाहीत. जाताना फक्त वाकून हळू आवाजात म्हणालात, "बस ती असते. पण ते मी बघून घेईन. लिंग चुकलं तर मी दुरुस्त करते, सांगायचं काय ते तुम्ही चुकवू नका."

मॅडम, विडीच्या कारखान्यात माल द्यायला जातात तेव्हा तपासणारा बसलेला असतो. तो विड्या चाचपतो आणि छाट काढतो. बारीक झाली, छाट. तोंड उघडं, छाट. त्याच्या मनात आलं, छाट. छाट निघालेल्या विडीचा पैसा मिळत नाही, आणि ती परतही मिळत नाही. अम्माबरोबर जाऊन लहानपणापासून मी हेच बघितलं की तपासणं म्हणजे वाईट शोधून बाजूला काढणं. शाळेत तेच, सासरी तेच. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मालातून चांगलं निवडून बाजूला काढलं. रात्री घरी मी ती रेघ किती वेळा बघितली, सांगायला लाज वाटते.

नंतरचं शिकवणं कष्टाचं होतं, आणि त्यात तुम्ही काही गोड नव्हता. वाचताना प्रत्येक परिच्छेदाशेजारी एका ओळीत लिहायचं की यात काय म्हटलंय. 'छान आहे' लिहिलं की तुम्ही विचारायचात, "छान काय आहे? विडी?" एकदा वर्तमानपत्रातला अग्रलेख दिलात. 'काही जणांचे असे म्हणणे आहे की' अशी त्याची सुरुवात होती. आम्ही सगळ्यांनी तेच लेखकाचं मत म्हणून लिहिलं, रिक्षावाल्या काकांनी तर त्याला पाठिंबाही दिला. तुम्ही फळ्यावर एवढंच लिहिलंत, 'हे कोण बोलतंय?' आणि आम्हाला 'परंतु' शोधायला लावलंत. तो सहाव्या ओळीत दडून बसला होता. सहाव्या ओळीनंतर ज्याला लेखक खोडून काढणार होता, त्याच्याच पालखीला आम्ही खांदा दिला होता.

हा प्रश्न मला पुढे बी.ए.ला राज्यशास्त्राच्या पुस्तकात उपयोगी पडला. त्याहून जास्त पडला तो घरकुलात. बचतगटाच्या बायकांपुढे कर्जाची पत्रकं घेऊन माणसं येतात. आता मी वाचते आणि विचारते, हे कोण बोलतंय, आणि याचा 'परंतु' कुठाय? परंतु बहुतेक मागच्या पानावर, बारीक अक्षरात असतो.

तुम्हाला त्या रविवारचं मानधन काय मिळत होतं, मला माहीत नाही. फार नसणार. वह्या घरी नेऊन तपासण्याचे वेगळे पैसे तर नक्कीच नव्हते. चांगुलपणाचं मला नेहमी हेच नवल वाटतं, की तो बहुतेक वेळा कामाच्या यादीत नसतो. एसटीचा एखादा कंडक्टर म्हातारी नीट उतरेपर्यंत डबल बेल मारत नाही, बँकेतली एखादी मुलगी फॉर्म परत करण्याऐवजी चुकलेल्या रकान्यावर बोट ठेवते. यातल्या कुणाचा पगार त्यामुळे वाढत नाही. आणि ज्यांनी आम्हाला तीनदा परत पाठवलं त्यांचाही कमी झाला नाही, हेही खरं. त्यांनी एकदा तरी बोट ठेवून दाखवलं असतं तर आमचे सहाशे रुपये आणि अम्माच्या गुडघ्यांच्या कितीतरी फेऱ्या वाचल्या असत्या.

बी.ए. झालं तेव्हा मी पेढे घेऊन आले होते. तुम्ही बदलून गेलात असं शिपाईमामांनी सांगितलं. पेढे त्यांनाच दिले.

मंगळवारी शिक्का झाल्यावर आम्ही बसने परत निघालो. चार पुतळ्यांपाशी अम्माने सवयीने हात जोडले. मला काय वाटलं कोण जाणे, मी तिला तिथेच उतरवलं. आमचं तिकीट पुढचं होतं, कंडक्टर ओरडलाही. पुतळ्यांसमोर उभं राहून मी तिला चौघांची नावं सांगितली, एकेक करून, बोटाने दाखवत. तिने ती माझ्यामागून म्हटली. धनशेट्टी म्हणताना थांबली, हे आपल्यातले का, म्हणाली. मी नाही म्हटलं. कुर्बान हुसेन तिला दोनदा म्हणावं लागलं. मग विड्या मोजताना म्हणते तशी चारही नावं तिने ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघितली.

नंतर रस्ता ओलांडताना तिने विचारलं, आणि तुला लिहायला शिकवलं त्या मॅडमचं नाव काय?

मी सांगितलं. तेही तिने दोनदा म्हटलं.

तुमची विद्यार्थिनी,
मागच्या बाकावरची