रामानुजनांचे गणित 1729 वर थांबत नाही

मा. संपादक,

दर वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिनानिमित्त मराठी वृत्तपत्रांत श्रीनिवास रामानुजन यांच्यावर लेख येतात आणि त्यांतले बहुतेक त्यांचे इंग्रज सहकारी गणिती हार्डी यांच्या टॅक्सीच्या 1729 या क्रमांकापाशी (दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी सर्वांत लहान संख्या) येऊन थांबतात. फोंडा तालुक्यात अनेक वर्षे उच्च माध्यमिक वर्गांना गणित शिकवल्यामुळे मला हे फार खटकते.

रामानुजन यांनी 1916 सालच्या एका निबंधात (1−क्ष), (1−क्ष²), (1−क्ष³) अशा न संपणाऱ्या पदांचा, प्रत्येकाचा चोविसावा घात घेऊन, गुणाकार केला आणि त्याला क्ष ने गुणले. विस्तारात येणारे सहगुणक 1, −24, 252, −1472, 4830, −6048 असे पुढे जातात. दुसरा −24, तिसरा 252, आणि या दोहोंचा गुणाकार −6048 हा नेमका सहावा. दोन क्रमांकांत सामाईक अवयव नसला की दर वेळी असेच घडते, हे रामानुजनांनी ताडले आणि पुढच्याच वर्षी गणिती मॉर्डेल यांनी ते सिद्ध केले. असे का घडते, याचे मला सर्वांत समाधानकारक वाटणारे उत्तर पी-ॲडिक क्षेत्रांवरील (क्षेत्र म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करता येणारी संख्यांची व्यवस्था) प्रतिरूपण सिद्धांतात आहे, आणि नेमके तेच मराठी वाचकापर्यंत पोहोचत नाही.

पी-ॲडिक संख्या जर्मन गणिती कुर्ट हेन्सेल यांनी 1897 साली मांडल्या. 'पी' ही कोणतीही मूळ संख्या, समजा 5. दोन संख्यांच्या वजाबाकीला 5 ने जितक्या जास्त वेळा भाग जातो, तितक्या त्या एकमेकींच्या जवळ, असे येथे अंतर मोजतात. म्हणून 3 ला 4 पेक्षा 128 जवळची, कारण फरक 125 आहे. गेल्या मे महिन्याच्या सुटीत शेजारचा अकरावीतला मुलगा ओसरीवर येऊन बसला असता मी त्याला 4 + 20 + 100 + 500 अशी न संपणारी बेरीज करायला सांगितली. 4, 24, 124, 624 असे लिहिता लिहिता त्याचा हात थांबला आणि "सर, यात एक मिळवला की 5 चा घात येतो," असे तो आपणहून म्हणाला. घात वाढत गेला की या मापाने तो शून्याकडे जातो, म्हणून बेरीज उणे एक, हेही त्याच्या लगेच ध्यानात आले.

आता असल्या संख्या घेऊन दोन ओळी व दोन स्तंभांचे, ज्यांना गुणाकार-व्यस्त असतो असे मॅट्रिक्स मांडले की त्यांचा एक गट होतो, म्हणजे कोणत्याही दोहोंचा गुणाकार आणि प्रत्येकाचा व्यस्त त्यातच राहतो. हा गट एखाद्या सदिश अवकाशावर (ज्यांची बेरीज आणि पट करता येते अशा राशींच्या संचावर) किती प्रकारे क्रिया करू शकतो, याचा शोध म्हणजे प्रतिरूपण सिद्धांत. प्रत्येक मूळ संख्येसाठी या गटाबरोबर जर्मन गणिती हेके यांच्या नावाने ओळखली जाणारी एक बीजगणितीय रचना येते. तिच्यात गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, म्हणून साध्यातल्या साध्या प्रतिरूपणांत तिची क्रिया केवळ आकड्यांनी सांगता येते, आणि रामानुजनांच्या बाबतीत तो आकडा, योग्य प्रमाण धरले तर, त्यांचाच सहगुणक निघतो. 2 आणि 3 यांचे काम वेगवेगळ्या क्षेत्रांत, एकमेकांना न अडवता चालते, म्हणून 6 च्या वाट्याला दोघांचा गुणाकार येतो.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांत 1923 साली कानपूरला जन्मलेले हरीशचंद्र आहेत, जे भौतिकशास्त्रातून गणितात आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या दीपेंद्र प्रसाद यांचे नाव अमेरिकन गणिती ग्रॉस यांच्याबरोबर 1992 सालच्या एका महत्त्वाच्या अटकळीला जोडलेले आहे. त्याच संस्थेत आपल्या गोव्याचे दामोदर कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव येथे आदराने घेतले जाते, गणिती म्हणून क्वचितच.

काही वर्षांपूर्वी असा लेख मी एका नियतकालिकाकडे पाठवला, तेव्हा "वाचकांना झेपणार नाही" म्हणून तो परत आला. ओसरीवरच्या त्या मुलाला जे मराठीत झेपले, ते आपल्या वाचकांना झेपणार नाही असे मला वाटत नाही. येत्या गणित दिनी आपण या विषयाला अर्धे पान द्यावे, ही विनंती. लेख विनामूल्य लिहून देण्याची माझी तयारी आहे. त्यात 1729 जरूर असेल, पण सहा सहगुणकांचा तक्ताही असेल.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
फोंडा, गोवा