ट्विन शेअरिंगमधली अर्धी आई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय. कापायचं असेल तर मधलं कापा, पण टूरवाल्यांचं आणि लॉजचं तेवढं ठेवा, त्यासाठीच लिहायला बसलेय.

माझी आई, वय 67, लालबागला राहते, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. झाशी-ग्वाल्हेर-आग्रा करायचं असं दोघांचं कधीपासून चाललं होतं, पण आधी माझं बाळंतपण, मग कोविड, मग बाबांचं डायलिसिस, राहूनच गेलं. यंदा दिवाळी झाल्यावर तिनेच विषय काढला म्हणून आम्ही दोघी एका टूर कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीने ब्रोशर उघडलं, सगळे रेट 'माणशी, ट्विन शेअरिंग', म्हणजे एका खोलीत दोघं धरून. आई म्हणाली मी एकटीच आहे. मग काकू सिंगल रूमचे एक्स्ट्रा भरावे लागतील, आणि एक्स्ट्रा म्हणजे किती तर टूरच्या निम्म्याला थोडेच कमी. नाहीतर आम्ही तुम्हाला पार्टनर शोधून देतो, असंही म्हणाली, अगदी गोड हसून. पार्टनर म्हणजे दुसरी कुणीतरी एकटी बाई, जिच्यासोबत आठ रात्री एका खोलीत झोपायचं, ती घोरते का, पहाटे चारला उठून मोबाईलवर स्तोत्रं लावते का, काही पत्ता नाही. आई जिन्यात येईपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "चाळीस वर्षं एक माणूस घोरत होता तो चालला. आता नवीन नको."

आता मला कळतं की हॉटेलवाला अर्ध्या खोलीचे पैसे घेत नाही, खोली अख्खीच लागते. पण यांच्या बसमध्ये निम्म्याहून जास्त डोकी पांढरी असतात हो, आणि जोडीतलं एक माणूस आधी जाणार हे काय त्यांना कुणी नव्याने सांगायला हवं? मग सिंगलचा रेट ब्रोशरवर का छापत नाहीत, समोर जाऊन विचारल्यावरच का कळतो? लहान खोल्या असलेली हॉटेलं शोधायला काय जातं? ट्विन शेअरिंगच्या हिशोबात माझी आई म्हणजे अर्धी खोली, आणि उरलेल्या अर्ध्याचा दंड तिनेच भरायचा.

तर ती स्वतःची स्वतः गेली. पंजाब मेलने, ही गाडी 1912 पासून चालू आहे, संध्याकाळी सीएसएमटीवरून निघते आणि झाशी, ग्वाल्हेर, आग्रा तिन्ही एकाच लाइनवर लागतात, म्हणजे टूरवाल्याची तशी गरजच नाही. लोअर बर्थ मिळाला, एकट्या प्रवास करणाऱ्या 45 च्या पुढच्या बाईला त्याचा कोटा आहे, पुष्कळ जणींना हे माहीतच नसतं. तिकीट मात्र पूर्ण. 58 च्या वरच्या बायकांना अर्धं तिकीट असायचं ते मार्च 2020 मध्ये बंद झालं, त्यावर कित्येकांनी लिहून झालंय, मी परत लिहीत नाही.

आम्ही मुलं पण कमी नाही म्हणा. मी आणि पुण्याचा दादा, दोघांनी मिळून अटी घातल्या, लाइव्ह लोकेशन चालू ठेव, अंधार पडायच्या आत रूमवर ये, दर तीन तासांनी फोन. तिने ऐकून घेतलं आणि झाशीला उतरल्या उतरल्या लोकेशन बंद केलं, बॅटरी जाते म्हणे. इकडे चाळीतल्या काकू मला विचारतायत, अगं पोरं असून आई एकटी? जशी काय आम्ही तिला घरातून काढलीये.

झाशी तिला फार जवळची वाटली. नेवाळकरांचं, म्हणजे राणीच्या सासरचं, मूळ गाव कोट, आमच्या लांजा तालुक्यातलं, आणि आईचं माहेर लांज्याचं, त्यामुळे राणी म्हणजे आमच्याकडचीच सून असा तिचा थाट. 1842 मध्ये राणीचं लग्न ज्या गणेश मंदिरात लागलं तिथे ती तासभर बसून आली. किल्ल्यात कडक बिजली तोफेला हात लावू दिला नाही म्हणून जरा खट्टू होती.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर रिक्षा उरवाईच्या बाजूने वर गेली. मानसिंग तोमराचा महाल बघितला, निळ्या फरशांवरची पिवळी बदकं बघितली, आणि मग हाथीपोलमधून पायी उतरताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एकाच दगडातून कोरलेलं, अगदी छोटं. आत 876 सालचा शिलालेख आहे, देवळाला दिलेल्या बागेची लांबी त्यात 270 हात लिहिलीये, आणि त्यातला शून्य आपण लिहितो तसाच गोल, फक्त बारका. रखवालदाराने मोबाईलचा टॉर्च मारून दाखवला. आईचं म्हणणं, जन्मभर एसटीडीला आधी शून्य फिरवा म्हणून लोकांना सांगितलं, आणि हा इथे भिंतीवर बसलेला. त्याचा फोटो तिने मला सहा वेळा पाठवलाय, एकातही शून्य दिसत नाही.

आता लॉजचं. तीनपैकी एका शहरात, कुठल्या ते नाही लिहीत. मी ॲपवरून बुकिंग केलेलं, पैसे भरलेले, नावापुढे एक व्यक्ती असं स्पष्ट लिहिलेलं. ही रात्री आठला काउंटरवर, तर पोरगा विचारतो, माताजी, साथ में कौन है? कोई नहीं म्हटल्यावर अकेली लेडीज को रूम नहीं देते, मालिक का रूल है. आधार कार्ड दाखवलं, बुकिंग दाखवलं, नाहीच. मी मुंबईहून फोनवर भांडले तेव्हा मला हळूच सांगतो, मॅडम, उमर हो गई है, रात को कुछ हो गया तो? म्हणजे तरुण पोरगी एकटी आली तर चारित्र्याचा संशय, म्हातारी आली तर मरायचा. एकट्या बाईला खोली देऊ नका असा कुठलाही कायदा या देशात नाही, मग हे रूल कुणाचे? आणि द्यायचीच नव्हती तर पैसे घेताना विचारायचं ना.

आईने आवाज चढवला नाही. समोरच्या सोफ्यावर बसली, गुडघ्याचा पट्टा काढून शेजारी ठेवला, पिशवीतून हिशोबाची वही काढली, कोरं पान उघडून पेनासकट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, नहीं देना है तो लिख के दो, नीचे साइन. सरकारी खात्यातली सवय, लेखी द्या. पोरगा त्या पानाकडे बघत राहिला, मग मालकाला फोन, मग अजून एक फोन. शेवटी तळमजल्यावर किचनला लागून खोली मिळाली. वहीत त्या दिवशीची नोंद आहे, 'रा. 8.10 ते 9, सोफा, फुकट'.

आग्र्याला ताजचं 50 चं तिकीट आणि कबरीपर्यंत जायचं तर वर 200, तिने दिले आणि वहीत पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. शुक्रवारी ताज बंद असतो हे आधीच बघून गेली होती, आमच्या दादाला माहीत नव्हतं. पण तिचा जीव होता लाल किल्ल्यात. 12 मे 1666, महाराज आणि औरंगजेबाचा दरबार. बाहेर महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, तिथे कुणीतरी तिचा फोटो काढून दिला. त्यात ती एकटी आहे आणि पदर खोचलेला आहे. बाबांसोबतच्या कुठल्याच फोटोत ती अशी उभी राहिलेली मला आठवत नाही.

एक राहिलंच. परवा त्याच टूर कंपनीतून फोन आला, काकू, तुम्हाला पार्टनर मिळाल्या, बोरिवलीच्या आहेत. आईने त्यांना आपला नंबर द्यायला सांगितला. दोघींचं फोनवर रोज चालू आहे आता. फेब्रुवारीत विजापूरला निघाल्यात, टूर नाही, रेल्वेने, आणि खोल्या दोन. गोलघुमटाच्या जिन्याचं तिथे गेल्यावर बघू म्हणतायत.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई