फ्रिगेटचे व्हॉल्व्ह आणि आपल्या फाउंड्री

माझगाव डॉकने बांधलेली ‘आयएनएस नीलगिरी’ ही फ्रिगेट प्रकारची युद्धनौका १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. तेव्हापासून चर्चा तिच्यावरच्या ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचीच. पण ताफ्याला पाणबुड्या व हवाई हल्ल्यांपासून जपणे हेही फ्रिगेटचे तितकेच मोठे काम. त्यासाठी जहाज दीर्घकाळ समुद्रात राहते आणि थंडाव्यासाठी खारे पाणी पाइपांतून सतत खेळत असते.

तिथे साधा पितळी व्हॉल्व्ह टिकत नाही. पितळेतले जस्त झिजून जाते; बाहेरून धड दिसणारा व्हॉल्व्ह आतून सच्छिद्र होतो आणि दाबाखाली फुटतो. म्हणून निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ हा तांब्याचा मिश्रधातू वापरतात. त्याचे ओतकाम नाजूक. वितळलेल्या धातूचा रस साच्यात खळाळत पडला, तर ॲल्युमिनियम ऑक्साइडची साय कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) अडकते आणि पाण्याच्या दाबचाचणीत गळती निघते. साचा खालून, संथपणे भरावा लागतो.

कुपवाड-मिरजेच्या फाउंड्रींतल्या (ओतकाम कारखान्यांतल्या) कारागिरांना हे अवघड नाही. अडते ते रेडिओग्राफी (क्ष-किरणांसारख्या किरणांनी आतले दोष तपासणे) आणि रासायनिक तपासणीच्या खर्चापाशी. एकेका छोट्या कारखान्याला तो झेपत नाही. जिल्हा उद्योग केंद्राने औद्योगिक वसाहतीत सामायिक चाचणी केंद्रासाठी पुढाकार घ्यावा.

– एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)