मैदान नीट करणाऱ्यांचे मनापासून आभार

पावसाळ्यानंतर आपल्या गावच्या मैदानावर गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं, ते कोणीतरी मुळासकट उपटलं, काचा वेचल्या, खड्ड्यात मुरूम टाकून रोलर पण फिरवला आणि नाव कुणीच सांगत नाही. जे कोण असाल त्यांना खूप खूप थँक्यू. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे १६०० मीटर पळतात, पोरी ८००, त्यांना आधी डांबरी रोडवर गाड्यांच्या कडेने पळावं लागायचं, घरच्यांचा जीव टांगणीला असायचा. आता खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं ग्राउंड पण फक्कीने आखलंय, खांबसुद्धा रोवलेत, किती बरं वाटलं बघून! ओढ्याकडच्या कडुलिंबांना कोण पाणी घालतं तेवढं मात्र सांगा, उन्हाळ्यात आम्ही पण पाळी लावून घेतो.