फेरारा पाहायचे ते सायकलवरून

बोलोन्या, रविवार

चि. ओंकार यास,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. ऑक्टोबरच्या सुट्टीत तू आणि गौरी इटलीत येणार, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही दोन शहरे नक्की झाली, आणि मधला दिवस कोठे घालवावा हे तू विचारले आहेस. त्या दोन शहरांविषयी मी वेगळे काही सांगण्याची गरज नाही. पण फ्लॉरेन्सहून व्हेनिसकडे जाणारा लोहमार्ग बोलोन्यानंतर फेरारा या गावावरून जातो, आणि तेथे न उतरता तुम्ही पुढे गेलात तर मला मनापासून वाईट वाटेल. काल सकाळी मी आणि तुझे बाबा ते शहर एका मार्गदर्शक बाईंबरोबर सायकलवरून पाहून आलो. फेरी दुपारच्या जेवणाआधी संपली, आणि जन्मभर नगररचना विभागात नकाशे पाहण्यात गेलेल्या तुझ्या आईला त्या थोड्या वेळात जे दिसले ते तुलाही दिसावे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

फेरारा पो नदीच्या सपाट खोऱ्यात वसले आहे. चढ म्हणून कोठे नाहीच, त्यामुळे येथे सायकल हे सर्वांचे वाहन आहे. सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई पुढच्या टोपलीत भाजी ठेवून, पाठ ताठ ठेवून, कोणतीही घाई न करता चौकातून जातात आणि पायी चालणारे त्यांना सहज वाट देतात. मी शाळेत जात होते तेव्हा पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. ते नाव आपल्याकडे आता आठवणीपुरते उरले आहे, येथे मात्र ते रोजचे जगणे आहे. आम्हाला मिळालेल्या सायकली जड आणि बिनगिअरच्या होत्या. बाबांनी आधी गुडघ्यांची काळजी केली, पण पहिल्या दोन गल्ल्या ओलांडल्यावर तेच माझ्या पुढे होते.

फेरीची सुरुवात जुन्या शहराच्या दक्षिण भागातून झाली आणि ती तेथूनच व्हावी असे माझे मत आहे. ‘व्हिया देल्ले व्होल्ते’ म्हणजे कमानींची गल्ली. अरुंद, सावलीची, नदीतले गोटे बसवलेली ही गल्ली असून डोक्यावर एकामागून एक विटांच्या कमानी येतात आणि त्या कमानींवर खोल्या आहेत. मध्ययुगात पो नदीचा प्रवाह शहराला लागूनच होता, व्यापाऱ्यांची कोठारे नदीच्या बाजूला आणि घरे गल्लीच्या पलीकडे, आणि दोन्ही जोडण्यासाठी या कमानी. पुढे 1152 साली वरच्या अंगाला, फिकारोलो येथे, नदीचा बांध फुटला, तिचा मुख्य प्रवाह हळूहळू उत्तरेकडे सरकला आणि शहर तिच्यापासून दूर राहिले. गल्लीचे वळण मात्र अजून त्या जुन्या काठाचेच आहे. सायकलचे हँडल हळूहळू एका बाजूला वळवावे लागते तेव्हा आपण आता नसलेल्या नदीच्या काठाने चाललो आहोत हे हातांना कळते. पायी चालताना इतके सावकाश वळण ध्यानातही येत नाही.

तेथून कॅथेड्रलच्या चौकात आलो. 1135 साली हे चर्च उभे राहू लागले. दर्शनी भागाचा खालचा टप्पा एका शैलीचा आणि वरचा पुढच्या काळातल्या गॉथिक शैलीचा आहे, आणि गुलाबी-पांढऱ्या संगमरवराचा घंटामनोरा अपुराच राहिला आहे. मला सर्वांत आवडली ती त्याची दक्षिणेची बाजू, कारण तेथे देवळाच्या भिंतीला टेकून दुकानांची ओळ आहे आणि ती मध्ययुगापासून चालत आली आहे. पंढरपूरला किंवा आळंदीला वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. मे 2012 मधल्या भूकंपाने या प्रदेशातील अनेक जुन्या वास्तूंना तडे गेले आणि या कॅथेड्रलचेही दुरुस्तीचे काम वर्षानुवर्षे चालले.

मग किल्ला. भर शहरात, चार बुरुजांचा, विटांचा, आणि भोवती अजून पाण्याने भरलेला खंदक. फेरारावर एस्ते घराण्याचे राज्य होते. 1385 साली करांच्या बोजाने चिडलेले लोक उठले आणि त्यांनी राजाच्या सल्लागाराला ठार केले. त्याच वर्षी निकोलो दुसरा याने हा किल्ला बांधायला घेतला. म्हणजे तो परक्या शत्रूइतकाच स्वतःच्या प्रजेच्या भीतीने बांधलेला आहे. पुढे या घराण्याने येथे चित्रकार, कवी आणि संगीतकार पोसले. 1391 साली स्थापन झालेल्या येथल्या विद्यापीठातून कोपर्निकसने 1503 मध्ये धर्मकायद्याची पदवी घेतली. पण ही सगळी कीर्ती सांगून झाल्यावर आमच्या मार्गदर्शक बाईंनी आम्हाला सायकलींवरून उतरवले आणि खंदकाच्या कडेच्या बुटक्या कठड्यापाशी नेले. 15 नोव्हेंबर 1943 च्या पहाटे फॅसिस्टांनी या शहरातल्या 11 नागरिकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी बरेच जण या कठड्यापाशी पडले. तेथे त्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. समोरच्या पदपथावर लोक कॉफी पीत होते, पोरे सायकलींवरून शाळेला निघाली होती. बाईंचा आवाज हे सांगताना एकदम बदलला. तू तेथे थांबशील तेव्हा पाट्यांवरची नावे एकेक करून वाच.

त्या कठड्यापाशी मला आपल्याकडचे एक नाव आठवले आणि ते मी त्यांना सांगितलेही. फेराराच्या दक्षिणेला सेनिओ नावाची नदी आहे. 9 एप्रिल 1945 रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमज गावचे, यांनी त्या नदीच्या बांधावर गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाण्यातून पलीकडे सुखरूप पोचवले आणि मग परत येऊन शत्रूची मशिनगनची तीन ठाणी एकट्याने बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या एप्रिलमधल्या चढाईनंतरच हा प्रदेश मोकळा झाला. बाईंना हे ठाऊक नव्हते. त्यांनी नाव दोनदा विचारून वहीत लिहून घेतले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले तो भाग. किल्ल्याच्या उत्तरेला एक रुंद आडवा रस्ता लागतो. तो जुन्या शहराचा उत्तरेकडचा खंदक होता. तो बुजवून रस्ता झाला आहे. तो ओलांडताच सगळे बदलते. मागे वाकड्यातिकड्या गल्ल्या, कमानी, सावल्या. आणि समोर एकदम सरळ, लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना राजवाडे आणि बागांच्या भिंती. व्हेनिसबरोबरच्या 1482 ते 1484 च्या युद्धात शहराची उत्तर बाजू किती उघडी आहे हे ड्यूक एर्कोले पहिला याला कळून चुकले होते. 1492 मध्ये त्याने तटबंदी उत्तरेकडे सरकवून शहराचे क्षेत्र जवळपास दुप्पट करायचे ठरवले आणि हे काम बियाजो रोस्सेत्ती या वास्तुविशारदाच्या हाती दिले. रोस्सेत्तीने नवे शहर जुन्या शहरापासून तोडले नाही. जुन्या गल्ल्यांची तोंडे जेथे खंदकाशी संपत होती तेथून त्याने त्या पुढे नेल्या आणि मग दोन मोठे रस्ते काटकोनात छेदून त्यांवर नव्या भागाची घडी बसवली. या विस्ताराला फेरारावासी ‘एर्कोलेची भर’ म्हणतात. नकाशावर मी हे विद्यार्थिदशेत पाहिले होते, पण सायकलवरून तो सांधा ओलांडताना अंगात जे उमटले ते नकाशात नव्हते: चाकाखालच्या गोट्यांची खडखड तीच राहते, पण हात आपोआप मोकळे होतात आणि नजर पार टोकाच्या झाडांपर्यंत जाते.

जेथे हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात त्या चौकात ‘पालात्सो देई दियामान्ती’, म्हणजे हिऱ्यांचा राजवाडा आहे. दोन दर्शनी भिंतींवर मिळून सुमारे 8,500 संगमरवरी दगड, प्रत्येक पैलू पाडून टोकदार केलेला. रोस्सेत्तीने हा राजवाडा ड्यूकच्या भावासाठी बांधला. भिंतीला गाल टेकवावा इतके जवळ जाऊन पाहा. पायाजवळच्या दगडांची टोके किंचित खाली झुकलेली आहेत, मधल्यांची सरळ समोर आणि वरच्यांची किंचित वर, त्यामुळे सकाळचे तिरपे ऊन प्रत्येक ओळीवर निराळे पडते. दगड शुभ्र नाही, त्यात फिकट गुलाबी शिरा आहेत आणि खालच्या काही टोकांना येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी गुळगुळीत केले आहे. सगळे सजवलेले कोपरे आणि कोपऱ्यावरची गच्ची चौकाकडे तोंड करून आहेत. इमारतीने स्वतःपेक्षा चौकाचा विचार आधी केलेला आहे, आणि नगररचनेत मला याहून मोठे सौजन्य ठाऊक नाही.

तेथून आणखी उत्तरेला गेलो की शहर विरळ होत जाते आणि अखेर तटाच्या आत चक्क मळे, फळबागा आणि गवताची माळराने लागतात. जुन्या मठाचे दफनस्थान आणि ज्यूंची दफनभूमीही याच मोकळ्या भागात आहे. रोस्सेत्तीने आखताना मोकळी जागा ठेवली होती हे खरे. पण ती पुढे भरली नाही याचे कारण इतिहासात आहे. 1598 मध्ये औरस वारस नसल्याच्या कारणावरून पोपने हे राज्य आपल्या ताब्यात घेतले, एस्ते दरबार मोदेनाला गेला आणि शहराची वाढ खुंटली. मात्र नंतरच्या शतकांत, विसाव्यातसुद्धा, ती जागा बऱ्याच अंशी राखली गेली यात योगायोगापेक्षा लोकांचा निश्चय अधिक आहे. विकास आराखड्यातले बागेचे आरक्षण दर पुनरीक्षणाला थोडे थोडे आक्रसताना मी नोकरीभर पाहिले आहे, आणि म्हणून त्या गवतापाशी मी बराच वेळ उभी होते. 1995 मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

तटबंदी सुमारे नऊ किलोमीटरची आहे आणि तिच्या वरून व पायथ्याने झाडांच्या सावलीत सायकलची वाट जाते. आम्ही तिचा उत्तरेकडचा भागच केला. परतताना आरिओस्तोच्या पुतळ्याचा गोल चौक लागला. या कवीचे छोटे घर जवळच आहे, आणि ‘लहान, पण मला पुरेसे’ अशा अर्थाची लॅटिन ओळ त्याच्या दर्शनी भिंतीवर कोरली आहे. ते घर बाहेरून पाहिले तरी चालेल.

शेवटचा टप्पा मात्र चुकवू नका. ज्या 1492 साली एर्कोलेने शहर वाढवायला घेतले त्याच वर्षी स्पेनने आपल्या ज्यूंना हाकलले, आणि त्यांच्यापैकी काही कुटुंबांना एर्कोलेने फेरारात राहण्यास बोलावले. शहराला जागा करून देणारा राजा माणसांनाही जागा देत होता. पोपची सत्ता आल्यावर, 1627 मध्ये, त्याच लोकांना व्हिया मात्सिनीच्या आसपासच्या गल्ल्यांत कोंडून रात्री दरवाजे लावले जाऊ लागले. ही बंदी कायमची उठली ती 1859 मध्ये. आज ती गल्ली दुकानांची आहे, सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, भिंतीवर नाझींनी नेलेल्यांची नावे आहेत, आणि 2017 मध्ये जुन्या तुरुंगाच्या इमारतीत इटलीतील ज्यू समाजाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले आहे. तटाजवळचे मोकळे गवत पाहून लगेच या गल्लीत शिरल्यावर काय वाटते ते मला नीट लिहिता येत नाही. एवढेच सांगते की दोन्ही एकाच सकाळी, याच क्रमाने पाहा.

आता व्यवहाराचे. सगळ्या वेगवान गाड्या फेरारात थांबत नाहीत. बोलोन्याहून प्रादेशिक गाडी घ्या, अर्ध्या-पाऊण तासात पोचाल. सकाळची पहिली फेरी घ्या, म्हणजे हिऱ्यांच्या राजवाड्यावर तिरपे ऊन मिळेल. गोट्यांवर मनगटे दुखतात, तेव्हा हँडल घट्ट आवळू नका, आणि चौकात गर्दी असेल तर उतरून सायकल हाताने न्या, तेथे तसाच रिवाज आहे. गौरी पूर्ण शाकाहारी आहे, तिला लाल भोपळ्याचे सारण भरलेली ‘काप्पेल्लाच्ची’ मागवा, पण वर मांसाचा रस्सा घालू नका, लोणी आणि सेज नावाचा सुवासिक पाला घाला, असे आधी सांगा. आणि एखाद्या बेकरीतून ‘कोप्पिया’ पाव घ्या. ओले धुणे पिळतात तसे पिळून दोन पदर मध्ये जोडलेले असतात आणि चार टोके बाहेर येतात. टोके कुरकुरीत, मधला भाग मऊ. बाबांनी दोन विकत घेतले आणि गाडीतच संपवले.

फेरीत गट लहान असेल असे पाहून नोंदणी करा, आणि तिकिटे काढलीत की मला तारीख कळवा, म्हणजे आमच्या मार्गदर्शक बाईंचा पत्ता तुला पाठवते.

गौरीला आशीर्वाद.

तुझी,
आई